आधीच रडून घेतलं, तर नंतर कमी रडावं लागतं का?

मावशी,

मी सव्वीस वर्षांची आहे. मूळची जिंतूर तालुक्यातली, वडील शेती करतात. आता संभाजीनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे आणि लेडीज हॉस्टेलवर राहते. दिवसभर सुया, ट्यूबा, लेबलं. रात्री साडेदहाला लाइट बंद झाला की इअरफोन घालते आणि विरहाची गाणी लावते. हिंदी, मराठी, गझला, काहीही चालतं, फक्त त्यात कुणीतरी कुणाला तरी गमावलेलं पाहिजे. दीड वाजेपर्यंत ऐकते आणि रडते. खरं सांगायचं तर माझं अजून काहीच मोडलेलं नाही.

एक मुलगा आहे. सिल्लोडला बँकेत असतो. दोन वर्षांची ओळख. दिवाळीत त्यानं सरळ लग्नाचं विचारलं. मला तो आवडतो. खूप. मी म्हटलं, थांब. तो थांबला. गुढीपाडव्याला पुन्हा म्हणाला, 'थांबतो, पण किती?' मी त्याला रात्री गाण्यांच्या लिंका पाठवते. परवा त्यानं लिहिलं, 'गाणी नको पाठवूस. तुझं काय म्हणणं आहे ते पाठव.' तेव्हापासून आम्ही दोघंही गप्प आहोत.

माझ्या ताईचं एकावर चार वर्षं प्रेम होतं. त्याच्या घरच्यांनी त्याचं दुसरीकडं जमवलं आणि तो तयार झाला. ताई पंचमीच्या फेरात सगळ्यांत पुढं असायची, गाणं तीच सांगायची. त्या वर्षी ती फेरात आली नाही. आता तिचं लग्न झालंय, एक लेकरू आहे, पण ती गात नाही.

मैत्रीण म्हणते, ही गाणी बंद कर, यांनीच तुझं डोकं फिरवलंय. मला वाटतं, मी आधीच रडून घेतेय. म्हणजे पुढं तसं काही झालं तर कमी रडावं लागेल. असं होतं का? गाणी बंद करू का? आणि त्याला काय सांगू?

तुमची,
जिंतूरची लेक

*

लेकी,

नाही. आधी रडून घेतलं म्हणून नंतरचं रडणं कमी होत नाही. एवढं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकते, कारण तू हे रात्रीच वाचत असशील. बाकीचं सकाळी चहा घेताना वाच.

मी छत्तीस वर्षं गाणं शिकवलं, आधी अंबाजोगाईला, मग परभणीला. त्यामुळं मला हे रियाजाच्या भाषेतच सुचतं. पलटा म्हणजे सुरांची एक ठरीव ओळ. ज्या पलट्याचा रोज रियाज केला तो गळ्यात बसतो. मग गाताना तो न बोलावता येतो, नको तिथंही येतो. तू दिवाळीपासून रोज रात्री तीन तास त्याला गमावण्याचा रियाज करायलीस. त्यानं रडणं सरत नाही, पक्कं होतं. उद्या तो फोनवर जरा तुटक बोलला, तर तुझ्या मनात पहिल्यांदा काय येईल? 'कामात असेल' हे येणार नाही. तुझ्याकडं दुसरंच वाक्य तयार बसलंय, तालासुरासकट.

तू राहतेस तिथून तासा-दीड तासावर पैठण आहे. तिथं सातवाहनांचं राज्य होतं तेव्हा हाल राजानं लोकांच्या तोंडच्या गाथा गोळा केल्या, सातशेच्या आसपास. भाषा महाराष्ट्री प्राकृत, आपल्या मराठीची आजी म्हण. त्या गाथासप्तशतीत एक बाई आहे. तिचा माणूस परगावी गेलाय आणि ती भिंतीवर रेघा मारून दिवस मोजायला बसलीय. 'आज गेला' म्हणते आणि एक रेघ मारते. पुन्हा 'आज गेला', पुन्हा रेघ. पुन्हा 'आज गेला'. पहिला दिवस अर्धा सरायच्या आत अख्खी भिंत रेघांनी भरून जाते. एवढीच गाथा आहे, दोन ओळींची. दोन हजार वर्षं होत आली तिला, पण मी ती वाचते तेव्हा मला त्या बाईचा कोळशानं काळा झालेला हात दिसतो.

तिचा माणूस खरंच गेला होता, लेकी. तुझा सिल्लोडला आहे आणि 'किती थांबू' म्हणून विचारतोय. भिंत मात्र तुझी भरत आली.

आता गाण्यांचं. तुझ्या मैत्रिणीला तुझी काळजी आहे हे दिसतंय, पण गाण्यांनी डोकं फिरवलं हे मला पटत नाही. माझी आजी केजकडच्या आमच्या गावात पहाटे जात्यावर बसायची. समोर चुलती. दोघींचे हात एकाच खुंट्यावर, एकीचा वर, एकीचा खाली. आजीचा धाकटा भाऊ तरुणपणीच गेला होता, आणि तिच्या ओव्यांत तो रोज यायचा. घोड्यावरून यायचा, वेशीत उतरायचा, बहिणीकडं पाणी मागायचा. दुसऱ्या ओळीला आजीचा आवाज चिरायचा. तेवढ्यात ती सुपातली मूठभर ज्वारी घेऊन जात्याच्या तोंडात सोडायची आणि चुलती ओवी उचलायची. दगडाची घरघर इतकी की रडणं कुणाला ऐकू जायचं नाही. जात्याभोवती पीठ साठत जायचं, सूप रिकामं व्हायचं, आणि सूप रिकामं झालं की ओवी संपायची. मी एकदा विचारलं, "आज्जे, कामून रडायलीस?" तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दळण व्हतं तवर रडले माय. आता सयपाक हाय."

त्या ओव्यांत सगळं भावाचंच होतं असं मला आता वाटत नाही. नवऱ्यासाठी जीव तुटतो हे त्या काळी सासूच्या देखत म्हणता यायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही. भावाच्या आडून पुष्कळ काही म्हणून घेतलं जात असणार. म्हणजे विरहाची गाणी आपल्याकडं बायकांनीच सांभाळली, आणि त्यांच्यावरच त्या उभ्या राहिल्या. तुझ्या ऐकण्यात आणि आजीच्या गाण्यात दोन गोष्टींचा फरक आहे. तिच्यासमोर आवाज चिरला की ओवी उचलणारी चुलती बसलेली होती. तू अंधारात एकटी असतेस. आणि तिचं सूप रिकामं व्हायचं. तुझ्या फोनमधलं सूप रिकामं होतच नाही. एक गाणं संपायच्या आत दुसरं रांगेत उभं असतं, आणि एक उदास गाणं ऐकलं की फोन आणखी चार तसलीच काढून ठेवतो.

गाण्यात ही ओढ कुठून येते तेही सांगते, कारण मला वाटतं तू तिचा भलताच अर्थ लावायलीस. तू ऐकतेस त्या गझलांतल्या काही नक्की रूपकात असतील. रूपक म्हणजे सात मात्रांचा ताल, तीन, दोन आणि दोन. त्रितालात, झपतालात, दादऱ्यात पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, टाळी असते. वजन तिथं असतं, पाय तिथं टेकतो. रूपकात समेवरच खाली, म्हणजे टाळीशिवायची रिकामी मात्रा, आहे. जिथं पाय टेकवायचा नेमकी तिथं पायरी नाही. म्हणून नुसता तबला सुरू झाला तरी काळजात काहीतरी हलतं, शब्द यायच्या आधीच. सुरांचंही असंच आहे. मारवा हा दिवस मावळतानाचा राग. त्यात गवई षड्जावर येणं टाळत राहतो. षड्ज म्हणजे घर. गवई घराच्या भोवती फिरतो, ओसरीपर्यंत येतो आणि पुन्हा वळतो. ऐकणाऱ्याचा जीव वरखाली होतो. चांगल्या भावगीतातसुद्धा अंतरा चढत चढत वरच्या षड्जाला जाऊन भिडतो आणि मग मुखड्यावर उतरतो, पण चाल बांधणारा ते उतरणं क्षणभर लांबवतो. त्या एका क्षणात आपण आपल्या सगळ्या हरवलेल्या आणि हरवू शकणाऱ्या माणसांना आठवून घेतो.

ही कारागिरी आहे. ती तुझ्यावर चालते, याचा अर्थ तुझा कान चांगला आहे. पण रात्री दीड वाजता तुला वाटतं की हे माझ्या नशिबाचं चाललंय, पुढं काय होणार ते मला आधीच कळायलंय. तसं काही नाही. ती सातव्या मात्रेनंतर आलेली खाली आहे.

सिनेमातल्या गाण्याचं आणखी एक आहे. ते कथेतल्या एका जागेसाठी लिहून घेतात. गीतकाराला सांगितलेलं असतं की हा असा माणूस, ही अशी बाई, इथं गैरसमज झालाय, इथं आजारपण आलंय, आता गाणं पाहिजे. पडद्यावर त्या दुःखाला कारण असतं. इअरफोनमध्ये कारण मागं राहतं आणि दुःख तेवढं कानात येतं. मग त्या रिकाम्या जागी आपण आपलं माणूस बसवतो. तू सिल्लोडचा बसवलास.

आणि गझल म्हणशील तर तुझ्याच शहरात सिराज औरंगाबादींची कबर आहे. अठराव्या शतकातला हा दख्खनचा शायर १७६३ साली गेला, आणि त्याची इश्काची एक गझल कव्वाल आजही गातात. त्याच्या आधीचा शायर वलीही औरंगाबादचाच म्हणून ओळखला जातो. गझलेत ताटातूट घडोघडी आणि भेट क्वचित, ही त्या काव्याची रीत आहे. तिच्यावरून जगात किती जणांची भेट झाली आणि किती जणांची नाही, याचा हिशेब मांडता येत नाही.

पण या सगळ्या ऐकण्यात तुझ्याकडून एक गोष्ट निसटलीय, आणि मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल.

पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानदेव. त्यांच्या विरहिण्या, म्हणजे विरहाचे अभंग, घे. देवासाठी लिहिलेल्या आहेत, पण आतली बाई हाडामांसाची आहे. तिला चंदनाची चोळी पोळते, फुलांची शेज आगीसारखी लागते. आणि ती काय करते? सख्यांना म्हणते, मला त्याला लवकर भेटवा. दुसऱ्या एका विरहिणीत पलीकडं कावळा ओरडतो, तर ती त्या कावळ्याशीच बोलणी लावते. तुझे पाय सोन्यानं मढवीन म्हणते, दहीभाताचा घास तुझ्या तोंडाला लावीन म्हणते, पण खरं सांग, माझा तो कधी येणार? काय गरज पडली असेल बघ, कावळ्याला विनवायची. तरी विनवते. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ नायिका सांगितल्यात. त्यांत वाट बघून थकलेली आहे, फसवली गेलेली आहे, भांडून पस्तावलेली आहे, जिचा नवरा परदेशी आहे ती आहे. पण त्याच आठांत एक अभिसारिका आहे, जी अंधारात, पावसात, स्वतः उठून त्याच्याकडं निघते. आणि एक स्वाधीनभर्तृका आहे, जिचा माणूस तिच्या शेजारी बसलाय आणि दोघं सुखात आहेत. या दोघींची गाणी तुझ्या यादीत कुठंच नाहीत.

इतक्या वर्षांत मला गप्प बसलेली विरहिणी एकही भेटली नाही. ती हाक मारते, रुसते, निरोप धाडते, शिव्या घालते, कावळ्याला लाच देते. हुरहूर तिची तुझ्याइतकीच आहे, मोडण्याची भीतीही तेवढीच. आधी ती जीव लावून बसलीय, ते कबूल करून बसलीय, आणि मग तिचं गाणं सुरू होतं. तू तिचं बोलणं त्याला पाठवतेस आणि स्वतःचं ठेवून घेतेस. म्हणून त्याचं ते वाक्य वाचून मला त्या मुलाबद्दल माया वाटली. 'तुझं काय म्हणणं आहे ते पाठव.' दोन वर्षांच्या ओळखीवर आणि सहा-सात महिन्यांच्या थांबण्यावर माणूस याच्यापेक्षा सरळ काय मागणार?

आता ताई.

एवढ्या पत्रात ताईच्या वाट्याला पाच-सहा ओळी आल्यात, आणि मला वाटतं पत्र त्याच ओळींसाठी लिहिलंय. तुझी भीती फेरातल्या त्या रिकाम्या जागेतून आलीय. गाणी तिच्यावर नुसतं पांघरूण घालतात. पण ताई का गात नाही, हे तुला ताईनं सांगितलंय का? पत्रात तसं कुठं नाही. तूच ठरवलंस की त्यानं तिचा आवाज नेला. असेलही. सासरी गेलेल्या, कडेवर लेकरू असलेल्या बाईच्या न गाण्याला दुसरीही कारणं असू शकतात. तिच्या सासरच्या गावात पंचमीचा फेर धरतात की नाही, कुणाला ठाऊक. आणि तेच कारण असलं, तरी त्या चार वर्षांचं आज तिला काय वाटतं, पुन्हा वेळ आली तर ती काय करील, हे तिनंच सांगायचं आहे. तिच्या वतीनं तू उत्तर देऊन मोकळी झालीस, आणि त्या उत्तरावर स्वतःचं आयुष्य बेतायलीस.

तिचं जिथं मोडलं ती जागाही नीट बघ. घरी सांगायची वेळ आली तेव्हा तो माणूस मागं सरला. मग तुझ्या माणसाला विचारायचं ते हेच. तू घरी सांगितलंस का? नसशील तर कधी सांगणार? घरचे नाही म्हणाले तर काय करशील? हे प्रश्न कुठल्या गाण्यात बसत नाहीत, यांना चाल लागत नाही. पण तुझ्या काळजाची जी काही राखण व्हायची ती या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून होईल. उत्तर देताना तो कुठं अडखळतो, कुठं नजर चोरतो, ते तुला समोर बसून बघावं लागेल. म्हणून हे फोनवर विचारू नकोस.

माझं एक सांगते. या सदरात मी ते कधी लिहिलं नव्हतं. पंचविशीत मी अंबाजोगाईत गात असे, आणि गणपतीच्या कार्यक्रमांत एक जण तबल्याची साथ करायचा. फार नेमका वाजवायचा, आणि गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचा. एकदा तालीम संपल्यावर हातोडी पिशवीत ठेवता ठेवता तो म्हणाला, "मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं." मी म्हटलं, आज नको. पुढं दोन-तीनदा असंच झालं, आज नको, आज नको. मला भीती एवढीच की बोललं की ते मोडू शकतं. बोललंच नाही तर मोडणार कसं, अशी माझी समजूत. मग त्याची किनवटला बदली झाली. माझं लग्न झालं, संसार चांगला झाला. माझे यजमान मला जपणारे होते, आणि त्यांना हे सगळं माहीत होतं. तरी आज सदुसष्टाव्या वर्षीही कुणी तबला सुरात लावताना हातोडीचा आवाज आला की मी थबकते. तो मिळाला नाही याचं दुःख आता राहिलेलं नाही. त्याला काय बोलायचं होतं हे मला ठाऊक नाही, ते मात्र राहिलंय. माझ्याकडं त्याचं एकच वाक्य आहे, तेही अर्धं. ते अर्धं मीच ठेवलं.

तुझ्याकडं त्याची दोन पूर्ण वाक्यं आहेत. दोन्ही प्रश्न आहेत म्हण, पण पूर्ण आहेत.

तू लिहिलंस वडील शेती करतात. मृग तोंडावर आलाय, त्यांनी रान तयार करून ठेवलं असेल. पहिला शिंतोडा पडला म्हणून ते पेरणार नाहीत. परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ते ओल किती खोल गेली बघतील, वापसा आला का बघतील, आणि मग तिफण काढतील. म्हणजे तेही थांबतात. पण त्यांच्या थांबण्याला माप आहे, कशाची वाट बघायची हे त्यांना ठाऊक आहे. एवढं करूनही कधी आभाळ महिनाभर फिरकत नाही आणि दुबार पेरावं लागतं. आपल्या भागात ते कुठल्या घरानं पाहिलं नाही? तुझ्या आईनं त्या वर्षी बियाण्यासाठी काय मोडलं असेल ते तुला आठवत असेल. रान पडीक ठेवू असं तरी कुणी म्हटलं होतं का तुमच्या घरी?

तू त्याला 'थांब' म्हणालीस, पण माप सांगितलं नाहीस. त्याचा 'किती' हा प्रश्न मापाचा आहे. तेव्हा त्याला भेट. रविवारी, दिवसाउजेडी, सिल्लोडला किंवा अर्ध्या वाटेत फुलंब्रीला, चहाच्या टेबलावर. जे मला लिहिलंस तेच त्याला सांग. 'मला तो आवडतो' असं लिहिलंस आणि 'खूप' हा शब्द सुटा काढून त्याच्यापुढं लिहिलास. हे त्याला कधी म्हणालीस का? मला नाही वाटत. ताईचं सांग. मी रात्री रडते हेही सांग, लाजू नकोस, कारण त्याला वाटत असणार की तुला त्याच्यात रस नाही आणि तू गाण्यांनी वेळ मारून नेतेस. मग ते तीन प्रश्न विचार. आणि शेवटी तारीख सांग. मला अमुक दिवसांपर्यंत वेळ दे, तोवर मी ताईशी बोलते, आईच्या कानावर घालते, तू तुझ्या घरी सांग. महिना म्हण, दोन महिने म्हण. वर्ष म्हणू नकोस.

बोलता बोलता तुझ्याच लक्षात आलं की तुला हे लग्न नकोय, भीती नुसती निमित्त होती, तर तेही त्याच दिवशी त्याला सांग. त्यात वाईट काही नाही. त्याला लटकतं ठेवण्यात आहे.

आणि समजा, सगळं नीट विचारून, नीट बोलून, तरीही मोडलं. मोडू शकतं. मी तुला भरवसा देणार नाही, तो कुणालाच देता येत नाही. रडशील. पण तेव्हा तुझ्या हातात खरं कारण असेल, खरं माणूस असेल, आणि समोर ओवी उचलायला कुणीतरी असेल, कारण तोवर तू ताईशी आणि आईशी बोललेली असशील. तेव्हा रात्रभर गाणी ऐक. तेव्हा ती तुझी असतील.

तोवर गाणी बंद करू नकोस, त्यांना माप लाव. फोनमधलं ऑटोप्ले बंद कर. रात्री तीन गाणी, त्यातली दोन ऐकायची आणि तिसरं हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन स्वतः म्हणायचं, मोठ्यानं. स्वतः गाताना श्वास सांभाळावा लागतो, शब्द आठवावे लागतात, त्यात रडणं आपोआप बाजूला सरकतं. आवाज चिरला तर चिरू दे. आणि दीड वाजता झोपून सकाळी कुणाच्या दंडात सुई घालायची, हे बरं नाही, लेकी. झोप परत लागेना, जेवण जाईना, दिवसाही सगळं नकोसं वाटायला लागलं, तर डॉक्टरांना दाखव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मनातलं सांगायला तिथं माणसं बसलेली असतात.

श्रावणात पंचमीला ताई माहेरी येईल ना? तेव्हा तिला थेट 'तू का गात नाहीस' असं विचारू नकोस. भाकरी थापताना किंवा लेकराला झोपवताना तिच्याजवळ बस आणि फेरातलं एखादं जुनं गाणं म्हणायला लाग, तीच सांगायची त्यातलं. पहिली ओळ पूर्ण म्हण. दुसरी अर्ध्यावर सोड आणि थांब. विद्यार्थिनी लाजत असली की मी असंच करायची.

ती काय करते ते मला कळव.

तुझी,
मावशी